हातातलं विमान

कपाट आवरताना नातीच्या जुन्या खेळाचा पांढरा रिमोट सापडला आणि तळहाताला पुन्हा तसाच घाम फुटला. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी त्या दुपारी नातीने त्याचा पट्टा माझ्या मनगटात अडकवला होता. हात वळेल तसं टीव्हीतलं विमान वळायचं. आणि नेमकी तेव्हाच माझी लेक पहिल्यांदा विमानात बसून दिल्लीहून घरी निघाली होती. माझा हात जरा खाली कलला तशी टीव्हीतली जमीन वर आली. "आजी, डरू नक्को, पडू दे! पडलं की दुसरं येतं," नात हसली. पडू दे कसं? पेटतं निरांजन धरावं तसा मी हात धरून बसले. गॅसवरचं वरण करपल्याचा वास आला, तरी उठले नाही. "हे उतरवतात कसं, सांग ना बाई." "ते मला कुठं येतं!" शेवटी फोन वाजला. नातीने तो माझ्या कानाला लावला. "आई, उतरले गं," लेक म्हणाली. माझा हात गळाला आणि टीव्हीतलं विमान धाडकन पडलं. आता लेक वरचेवर विमानाने येते, पण उतरल्याचा तिचा फोन येईपर्यंत माझा उजवा हात मांडीवर सरळच असतो.