सोपानचा ताप

त्या वर्षी आमची पलटण राजस्थानात होती. मी हवालदार, कंपनीच्या क्रॉस-कंट्री टीमचा उस्ताद. पहाटे पाचला फॉलइन, मग रेतीतून दौड. टीमची वेळ शेवटचा जवान पोचल्यावर धरत, म्हणून मी सर्वांत मागे पळायचो आणि रेंगाळणाऱ्याला पुढे हाकायचो. पळणं सोडून मला दुसरा शौक नव्हता.

टीममध्ये सोपान होता, पालम तालुक्यातला शिपाई. मी पेडगावचा, त्याच जिल्ह्यातला. दोघंच असलो की आम्ही घरच्या बोलीत बोलायचो. तो सुरुवातीलाच जोरात सुटायचा. बाकीचे म्हणायचे, "पालमची एसटी चुकली वाटतं याची." तो हसायचा, वेग मात्र कमी करायचा नाही.

कपाच्या फायनलच्या सकाळी तो माझ्याजवळ आला.

"उस्ताद, रातीपासून ताप हाय. सिक रिपोर्ट करू का?"

मी त्याच्या कपाळाला हातही लावला नाही. बदली जवान नव्हता आणि एक माणूस कमी पडला तर टीम बाद होणार होती.

"पळ. घाम आला की उतरंल."

"बरं," तो म्हणाला.

दौड उशिरा सुरू झाली. ऊन चढलं होतं. शेवटच्या टप्प्यात त्याचे पाय वाकडे पडू लागले. मी मागून ओरडत राहिलो. तो कोसळला, तेव्हा चेकपोस्टवरचा ऑपरेटर वायरलेसवर बोलला, "एक जवान डाउन. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर." त्याच संध्याकाळी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सोपान वारला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, जवानाने तब्येतीबद्दल काही सांगितलं होतं का. मी म्हणालो, "नो सर." जवानाने ताप लपवला, अशी नोंद झाली आणि त्याच्या घरीही तेच कळवलं गेलं. पुढे मी सुभेदार होऊन घरी आलो.

त्या दिवसानंतर मी पळालो नाही. गावात सांगत आलो की गुडघे गेले. गुडघे धड आहेत. बायको वारली, मुलगा पुण्यात असतो. कधी कधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. साखर वाढली तेव्हा मुलाने पळायचे बूट पाठवले. रोज उजाडताना ते घालून रस्त्यावर जायचो, उभा राहायचो, परत यायचो. पाय उचलत नव्हते. का, ते मला ठाऊक होतं.

यंदा एसटीने पालमला गेलो आणि तिथून सोपानच्या गावी. त्याची बायको सुमनबाई दारात तूर पाखडत होती. मी सोपानचा उस्ताद, असं सांगितल्यावर बसा म्हणाली. मी बसलो नाही.

"वहिनी, ताप त्यानं मला सांगितला होता. मीच पळायला लावलं. चौकशीत खोटं बोललो."

तिचं सूप थांबलं. "म्हंजी, त्यानं सांगितलं व्हतं?"

"हो."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग हळूहळू बोलू लागली. सासू मरेपर्यंत म्हणायची की पोरगं कपापायी गेलं. सुमनबाईनेही तेच मनात धरलं होतं. त्याच्या फोटोला कधी हार घातला नाही. बापाला तुमच्यापेक्षा कप लय प्यारा होता, असं दोन्ही पोरींना सांगून वाढवलं.

मी म्हणालो की मीही त्या दिवसापासून पळालो नाही. काय ऐकायच्या आशेने म्हणालो, देव जाणे. तिने मान वर केली.

"पळू नगा म्हनून कुनी सांगितलं व्हतं तुमाला? सांगायचं ते तीस वर्षं सांगितलं न्हाई, अन् पळनं सोडून बसलाव. त्याचं माझ्या लेकरायला काय?"

तिने थोरलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "आता हिला सांगा."

मी सांगितलं. मग धाकटीलाही. थोरली रडली, धाकटीने मधेच फोन ठेवला. सुमनबाईने मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पलटणीलाही लिहून कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

सुमनबाईकडून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पेडगावच्या रस्त्यावर पळालो. विजेच्या दोन खांबांतच दम लागला. चाललो, परत पळालो. आता रोज पळतो. मन हलकं झालेलं नाही, पण पाय जातात. रस्त्यावर त्या वेळी दुसरं कोणी नसतं.

सोपान चोवीस वर्षांचा होता. तो कपासाठी पळाला नाही. त्याला हुकूम होता, आणि हुकूम माझा होता.