समीरने आज गोठणारी नदी पाहिली

मंडळी, माझा नवरा समीर इथे बारमाही उकाड्याच्या क्लेमेंटीत बसून थंड देशांतल्या नद्यांवर बर्फ कसा धरतो, याचा अभ्यास करतो. सगळा कॉम्प्युटरवर. तशी नदी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

मध्यंतरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तो ती बघायला नॉर्वेला जाणं रद्द करत होता. त्यांनीच हट्टाने पाठवलं.

आज चहाच्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, थेट नदीकाठावरून. काळ्या पाण्यावर भुसभुशीत पांढरे गोळे वाहत होते.

"गोठली का रे नदी?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून नाही, आई. वाहतं पाणी एकदम गोठत नाही. आधी पाण्यात बर्फाचे बारीक कण होतात, ते एकमेकांना चिकटून वर येतात. मग हळूहळू नदी झाकली जाते, पण खालून पाणी वाहतच असतं."

एरवी मोजकं बोलणारा हा माणूस थांबेचना.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नदी बघितली. आता तुझं तोंड दाखव."

त्याने फोन फिरवला. नाक लाल, डोळे भरलेले, आणि हसत होता. सासूबाई स्क्रीनवरूनच त्याच्या गालावर हात फिरवत राहिल्या.

तुमच्या घरातलं माणूस इतकं खूश झालेलं तुम्ही कधी पाहिलंय?