मुक्तिनाथला जाणारे शेजारी

उस्मानपुऱ्यातले आमचे शेजारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. यात्रेचा बेतही ते थांबे पुकारल्यासारखा सांगतात. "जनकपूर... पशुपतिनाथ... मुक्तिनाथ... मग विमानानं श्रीलंका!"

"आधी स्वेटर घ्या, मुक्तिनाथला लई थंडी असती," त्यांची बायको मध्येच बोलते. मग दोघं भांडतात आणि मला हेवा वाटतो. माझ्या बायकोलाही मुक्तिनाथ बघायचं होतं. मी रजा पुढं ढकलत राहिलो आणि ती वारली.

काल ते म्हणाले, "भाऊ, तुमचंबी शीट धरलंय. वहिनींच्या नावानं मुक्तिनाथच्या कुंडात डुबकी मारा."

त्यांची बायको नवा स्वेटर त्यांच्या पाठीला लावून माप बघत होती. तिकडं बघत मी म्हणालो, "नको हो, गुडघे दुखतात."

माझे गुडघे ठणठणीत आहेत.