ओढ्याच्या अलीकडे

माझी मावशी पडदे शिवते. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ तिचं मशीन आहे, आणि दिवसभर तिच्या मांडीवरून कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचं जाड कापड ओघळत असतं. चाळिशी उलटली तशी तिची कंबर धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, चाला. तिची शाळेपासूनची मैत्रीण नर्स आहे. तिने डॉक्टरांच्याही पुढे जाऊन मावशीला थेट डोंगरावर नेलं.

पहिल्याच चढावर मावशी अर्ध्या वाटेत बसली आणि चक्क रडली. नर्सच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींचा म्होरक्या एक वायरमन होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "ए शेपूट, ऊठ. तुला इथे टाकून गेलो तर तुझा नवरा मला खांबाला बांधेल." नाव चिकटलं ते चिकटलंच. चौथा होता नर्सचा धाकटा भाऊ, लंबू. छापखान्यात कामाला, ताडमाड उंच, आणि पुढचा पाय टेकायच्या आत मागचा उचलणारा.

पुढे चौघांना नादच लागला. साध्या टेकड्या संपल्या, मग उभे कडे आले, मग धबधबे. मावशी कायम सगळ्यांत मागे. काकांना हे मुळीच पसंत नव्हतं. "पडदा लावायला स्टुलावर चढताना मला हाका मारतेस, आणि कड्यावर चढतेस?" ते म्हणायचे. मावशीचं उत्तर ठरलेलं, "सोपी वाट आहे हो."

त्या दिवशीची वाट सोपी नव्हती. धबधब्याच्या कडेच्या खडकावरून दोराला धरून वर चढायचं, वर ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या डोंगराच्या सोंडेने उतरायचं. चढ नीट पार पडला. वर आले तेव्हा ओढा घोट्याएवढा होता, तळाचे गोटे दिसत होते. दमलेल्या चौघांनी तिथेच डबे उघडले. डोक्यावर ऊन होतं, पण लांब वरच्या डोंगरांवर काळं झालं होतं. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

डबे धुवायला मावशी वाकली तेव्हा पाणी गढूळ झालेलं होतं. काटक्या आणि पाला वाहून येत होता.

"पाणी वाढतंय रे," ती म्हणाली.

"म्हणूनच पटकन," वायरमन म्हणाला. दोराचं एक टोक अलीकडच्या झाडाला बांधून, दुसरं कमरेला गुंडाळून तो पार झाला. मागून नर्स गेली, दोर धरून. तोवर पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. लंबू निघाला तो नेहमीसारखा, ढांगा टाकत. काठापासून चार ढांगा गेला असेल नसेल, पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि पाण्याच्या लोटाने तो कड्याच्या बाजूला तोंडावर पडला. दोर हातातून सुटला.

पाण्याने त्याला मागून दाबून धरलं. पाय निघेना, पाठ वर येईना. हात समोरच्या दगडावर रोवून तो कसाबसा तोंड पाण्याबाहेर ठेवत होता. तिथून खाली ओढा कड्यावरून सुटत होता. ती कड इतकी जवळ होती की लहान मुलाने फेकलेला दगडही पोचला असता.

नर्स ओरडत होती, पण धबधब्याच्या आवाजात तिचं नुसतं उघडं तोंड दिसत होतं. वायरमन हातांनी खुणा करत होता. झाडाकडे बोट, मग गाठ सोडल्यासारखं, मग दोर लंबूच्या डोक्यावरून पुढे. मावशीला कळलं. दोर लंबूच्या पाठीमागे होता, तिथे त्याचा काही उपयोग नव्हता. तो छातीपुढे आणायला हवा होता. त्यासाठी झाड सोडायचं, आणि झाडाच्या जागी आपले हात.

ओली गाठ तिने नखांनी आणि दातांनी सोडवली. दोन्ही काठांवरून त्यांनी दोर उचलला, लंबूच्या डोक्यावरून नेला आणि त्याच्या छातीसमोर टाकला. "धर!" मावशी किंचाळली. त्याने काखेत धरला. तिकडे दोघं होती, इकडे ती एकटी. काठावरच्या एका उभ्या दगडाला तिने दोराचा वळसा घातला आणि टाचा रोवून ओढलं. दोर तळव्यांतून सरकला तसं कातडं सोलवटून निघालं, पण तिने सोडला नाही. लंबूचे खांदे वर आले. मग छाती. आता तो दोरावर रेलून श्वास घेऊ शकत होता.

पाय मात्र अडकलेलाच. दोन्हीकडून प्रवाहाच्या उलट्या दिशेने ओढायला लागले. एकदा, पुन्हा, आणि मग एकदम भार हलका झाला. मावशीला वाटलं, गेला! पण पाय निघाला होता, बूट आत राहिला होता. दोराला लोंबकळत, रांगत तो मावशीच्या काठाला लागला आणि तिच्या पायाशी आडवा पडला.

वायरमन पुन्हा खुणा करायला लागला होता. या! आत्ताच या! लंबू थरथरत उठला. त्याची बहीण पलीकडे, गाडी पलीकडे.

"ताई, चल. अजून वाढलं तर अडकू आपण."

"अडकू दे. अडकलेली माणसं जिवंत असतात."

"तो दोर धरतोय ना तिकडे!"

"मघाशीही धरलाच होता."

लंबूने दोराला हात घातला. मावशीने त्याच्याकडे बघितलं, वळसा सोडवला आणि दोराचं टोक पाण्यात टाकून दिलं. प्रवाहाने ते क्षणात ओढून नेलं. पलीकडे वायरमनने कपाळावर हात मारला. लंबू तिला जे बोलला ते मी लिहीत नाही.

मग डोंगराच्या पाठीवरून लांबची वाट. मावशीने बसायला आणलेलं अस्तराचं कापड फाडून त्याचा सुजलेला पाय बांधला. निसरड्या उतारावर ती पुढे, तो तिच्या खांद्यावर भार टाकून मागे. वाट चुकली की काय या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता, पण तिने त्याला कळू दिलं नाही. उन्हं कलली तेव्हा खाली डांबरी रस्ता दिसला. विटांच्या ट्रकवाल्याने दोघांना नाक्यापर्यंत सोडलं. तिथे गाडी उभी होती. नर्स धावत आली आणि आधी भावाला मिठी मारण्याऐवजी तिने त्याच्या एक थोबाडीत दिली. मग दोघांना कवटाळून हमसून हमसून रडली.

वायरमन लांबच उभा होता. "दोर का सोडलास?"

"तू बोलावत राहिला असतास म्हणून."

"पाणी थोड्या वेळात उतरलं. थांबला असतात तर आरामात आला असतात."

"मला काय ठाऊक ते उतरणार?" मावशी म्हणाली. "तुला होतं?"

त्याने गाडीचं दार उघडलं आणि मागची सीट मोकळी केली.

घरी काकांनी तळवे पाहिले आणि कोमट पाण्याचं घमेलं आणलं. "सोपी वाट होती ना?" मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. काका ऐकत राहिले. मग उठून गॅलरीत गेले आणि जेवणाची वेळ टळली तरी आत आले नाहीत. पुढे बरेच दिवस मावशीला कात्री धरता येत नव्हती. तिच्या वाटचं कापड तिच्या शेजारणीने कापलं.

लंबूच्या पायाचं प्लास्टर निघाल्यावर चौघं पुन्हा गेले. काका नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. सोपीशीच टेकडी होती. मध्ये एक ओहोळ लागला, पावलं जेमतेम भिजतील एवढाच. नर्स ओलांडून गेली. लंबू काठाशी थांबला. एक पाय उचलला, तो तसाच खाली ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मावशी त्याच्या मागेच होती. वायरमनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पाठीवरची पिशवी उतरवली आणि तिथेच दगडावर फतकल मारली.

"मला भूक लागलीय बुवा," तो म्हणाला. "आज इथूनच परत."

नर्स ओहोळ ओलांडून परत अलीकडे आली. चौघांनी डबे उघडले.