चौथी ओळ

तापलेल्या टीव्हीच्या पाठीमागून एक वास येत असे. त्यात कोळशाची बारीक भुकटी असे, कोंदलेल्या खोलीचा कुबटपणा असे, आणि काहीतरी जळता जळता राहून गेल्यासारखी एक सूक्ष्म करपट छटाही. वैशाख लागला होता. वसाहतीच्या कडेचे पळस फुलून ओसरले होते, खिडकीला बांधलेला ओला वाळ्याचा पडदा माध्यान्हीच्या आत कोरडा पडत होता, आणि त्या अर्धवट अंधाऱ्या खोलीत माझे बाबा जमिनीवर मांडी घालून व्हिडिओ गेम खेळत होते. मी नुकतीच नववीची परीक्षा दिली होती आणि मांडीवर वही घेऊन त्यांच्या शेजारी बसत होते. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्याची आठवण झाली की आधी तो वास येतो, बाकीचे सारे मागाहून.

वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यातली बाबांची कोळशाची खाण केव्हाच बंद पडली. तिचे नाव सांगून आता उपयोग नाही. बाबा तिच्यात उतरून छताला लाकडी टेकू लावण्याचे काम करीत. अकरा वर्षे त्यांच्याबरोबर एकाच पाळीला देवरावकाका उतरत होते. एकजण टेकू धरी, दुसरा ठोकी. त्या हिवाळ्याच्या अखेरीस एका सकाळी छत कोसळले. बाबा उजव्या हाताची तीन बोटे ठेचलेल्या अवस्थेत वर आले; देवरावकाकांना दुसऱ्या दिवशी वर आणले. चौकशीला आलेल्या साहेबांना, शेजाऱ्यांना आणि देवरावकाकांच्या पत्नीला, पंचफुलाबाईंना, बाबांनी एकच गोष्ट सांगितली : देवराव जागीच गेला, त्याला काही कळलेही नाही.

त्यानंतर बाबा घरी बसले आणि बोलेनासे झाले. डॉक्टरांनी बोटे हलती ठेवायला सांगितली होती; ती ते हलवीत नसत. एके दिवशी नाक्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे सत्तारभाई टीव्हीला जोडायचे एक जुने खेळाचे यंत्र आणि एक पिवळी कॅसेट घेऊन आले. मारामारीच्या कॅसेटी पोरे नेतात, ही कुणी नेत नाही, कारण आत सगळे जपानी लिहिलेले आहे, असे त्यांनी सांगितले. मग बाबांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत ते म्हणाले, "पण ह्याच्यात घाई नाई, भाऊ. तुमी बटन दाबेपर्यंत दुश्मनबी थांबून राह्यते."

ते खरे होते. दुसऱ्या खेळांत सारे धावत, उड्या मारत, क्षणार्धात मरत. या खेळात चार प्रवासी होते : एक तलवारवाला तरुण, एक पांढऱ्या वस्त्रांतली वैद्यीण, एक दाढीवाला म्हातारा आणि एक रुंद खांद्यांचा कुऱ्हाडवाला. ते एकामागून एक चालत एक अफाट, चौकोनाचौकोनांचा मुलूख ओलांडीत. गावे लागत, गावांतली माणसे काहीतरी सांगत, आणि त्यांचे सांगणे आम्हाला परकीय लिपीच्या चिमण्यांच्या पावलांसारख्या खुणांत मिळे. वाटेत अकस्मात संगीत बदले, पडदा काळा होई आणि समोर एखादे श्वापद उभे राही. खाली चार ओळी उमटत आणि सारे जग आपल्या निवडीची वाट पाहत थांबे. खाणीत ज्यांना क्षणाचीही सवड मिळाली नव्हती, त्या माझ्या बाबांना तो थांबून राहणारा शत्रू आवडला असावा.

बाबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मला जपानी येत नव्हते. त्या पडद्यापुढे आम्ही दोघेही सारखेच निरक्षर होतो, आणि त्या सारखेपणात एक विलक्षण सुख होते. मी वहीत अक्षरांची चित्रे काढी आणि पुढे अर्थ लिही. कुदळीसारख्या अक्षराची पहिली ओळ म्हणजे वार. दुसरी म्हणजे मंत्र. तिसरी, जिच्या अखेरीस पालथ्या वाटीसारखी खूण होती, ती औषधाची. बाबांची आखडलेली बोटे हळूहळू बटणावर वळू लागली. मोहर्लीच्या बाजूला बालपणी पाहिलेल्या जंगलाच्या गोष्टी ते मध्येच सांगत. पडद्यावरच्या हिरव्या चौकोनांकडे पाहून एकदा म्हणाले की हे जंगल खोटे आहे, याला वासच नाही. किती दिवसांनी ते हसले होते. स्वयंपाकघरात आईचा पोळी लाटणारा हात थांबल्याचे मला ऐकू आले.

दर बाजाराच्या दिवशी पंचफुलाबाई येत. जवसाची चटणी किंवा परड्यातली भाजी पदराखाली झाकून आणीत आणि आईच्या हाती देत. वसाहतीत सगळेच म्हणत की देवरावकाकांना ओढून काढताना बाबांचा हात गेला. पंचफुलाबाई दाराशीच टेकून बसत आणि जाताना म्हणत, "तुमी त्याच्यापाशी होते, भाऊ, म्हणून मी उभी हाय." बाबा त्या वेळी पडद्यावरून नजर काढीत नसत. मला त्यांचा तो उद्धटपणा खटके.

चौथ्या ओळीचा अर्थ मला मे महिन्यात लागला. एका गुहेत आमचे तिघे प्रवासी मरून पडले होते, एकटी वैद्यीण उरली होती, आणि मी सहज ती ओळ दाबली. लढाई मिटली. पडदा उजळला. चौघेही, मेलेलेसुद्धा, एकत्र बाहेरच्या वाटेवर उभे होते. मी आनंदाने बाबांना सांगितले की हे पळण्याचे बटण आहे, हे दाबले की जीव वाचतो. आणि वहीत मोठ्या अक्षरांत 'पळणे' असे लिहिले.

बाबांनी वहीकडे बराच वेळ पाहिले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी ती ओळ एकदाही दाबली नाही. पराभव समोर दिसत असूनही ते वार करीत राहत, प्रवासी एकेक करून कोसळत, खेळ पुन्हा मागच्या गावापासून सुरू होई. अखेर एका दुपारी मी चिडून त्यांना विचारले की पळता येते तर पळत का नाही.

त्यांनी हातातली बटणांची डबी खाली ठेवली.

"देवराव जागी नाई गेला, सुजू," ते म्हणाले. "कमरेखाली दबला होता. मले आवाज देऊन राह्यला होता. वरचं छत पुन्हा कडकड वाजत होतं. मी पळालो."

मी हाताचे विचारले. हात तर पहिल्याच दगडाने ठेचला होता, असे त्यांनी सांगितले. "लोकं म्हणतेत त्याले ओढताना गेला. मी तसं कधी म्हटलं नाई," ते म्हणाले, आणि मग, "पण नाई असंबी म्हटलं नाई."

पडद्यावर संगीत तसेच वाजत होते. मला आठवते, मी उठून ते बंदही केले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला बापाची भीती वाटू शकते, बापाचा अभिमान वाटू शकतो. बापाची कीव करण्याचे वय ते नव्हे, आणि मला तर एकाच वेळी त्यांची कीव येत होती आणि त्यांच्यापासून दूर सरकावेसे वाटत होते. मी सरकले नाही, एवढेच. ते थांबले असते तर दुसऱ्या दिवशी दोघांना वर आणावे लागले असते आणि मी त्या खोलीत एकटी बसलेली असते, हा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी सुचला. बाबांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. पण त्याने त्यांचे समाधान झाले नव्हते.

पुढच्या बाजारी पंचफुलाबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात आंबाडीची जुडी होती. बाबांनी टीव्ही बंद केला आणि त्यांना आत बसायला सांगितले. जे मला सांगितले होते तेच, तितक्याच शब्दांत, त्यांनाही सांगितले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. बाहेर ऊन इतके पांढरे होते की आतल्या कुणाचाच चेहरा धड दिसत नव्हता.

पंचफुलाबाई रडल्या नाहीत. किती वेळ हाका मारत होता, एवढेच त्यांनी विचारले. बाबा म्हणाले, मी वळणापर्यंत आलो तोवर ऐकू येत होते.

"काय म्हणत होता?"

"माह्यं नाव."

"माह्यं नाई घेतलं?"

बाबांना त्या क्षणी, खोटा का होईना, एक शब्द बोलता आला असता. मी मनातल्या मनात त्यांना तो शब्द बोलायला विनवीत होते.

"नाई, वहिनी," ते म्हणाले. "माह्यंच."

त्या उठल्या. आंबाडीची जुडी आईच्या हाती दिली, चपला घातल्या आणि उन्हात गेल्या. पुन्हा कधी आमच्या घरी आल्या नाहीत. आई कितीतरी दिवस बाबांशी बोलली नाही, बोलली तेव्हा म्हणाली, "मेलेल्याले काय फरक पडते? तुमी जित्या बाईले मारलं." पण सांगितले त्याच आठवड्यात बाबा पोटभर जेवले, पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीवरच्या हलक्या कामावर रुजू झाले, आणि पिवळी कॅसेट त्यांनी स्वतः सत्तारभाईंना परत नेऊन दिली. खेळ अर्धाच राहिला. ते चौघे शेवटी कुठे निघाले होते, ते आम्हाला कधीच कळले नाही.

पंचफुलाबाईंना नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली, खाणीच्या दिवाखोलीत. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्या टोपीचा दिवा देत आणि वर आल्यावर मोजून परत घेत. बाबा त्याच आवारात, पन्नास पावलांवर. निवृत्तीपर्यंत दोघांनी एकमेकांशी एक अक्षर उच्चारल्याचे कुणी ऐकले नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या कागदपत्रांसाठी मी धानोऱ्याच्या माझ्या शिक्षिकेच्या नोकरीतून रजा काढून भद्रावतीला आले होते. तोपर्यंत नवे शतक लागून काही वर्षे झाली होती. कचेरीच्या आवारात चिंचेखाली पंचफुलाबाई बसल्या होत्या, पेन्शनच्या कामाला आलेल्या. केस पांढरे, पाठ ताठ. त्यांनीच मला हाक मारून जवळ बसवले, मुलेबाळे विचारली. बाबांचे त्यांना कळले होते. मला वाटले, आता तरी त्या क्षमेचे काहीतरी बोलतील. माणूस गेल्यावर लोक तेवढे बोलतातच.

"तुह्या बापानं खरं सांगितलं, ते बरं केलं का वाईट, मले आजवर समजलं नाई," त्या म्हणाल्या. "आधी देवराव मेला होता. त्या दिवसापासून तो आवाजच देऊन राह्यला."

चिंचेची वाळलेली पाने वाऱ्यासरशी आमच्या अंगावर गळत होती. मला बाबांच्या वतीने काही म्हणायचे होते. त्यांना किती जड गेले, हे सांगायचे होते. पण त्या उन्हाळ्यानंतर बाबांचे जगणे हलके झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तो भार ज्या खांद्यावर उतरला तो माझ्या खांद्याला लागून होता. कचेरीत कुणीतरी पंचफुलाबाईंचे नाव पुकारले. त्यांना ऐकू गेले नसावे, किंवा गेले असेल. त्या उठल्या नाहीत. मीही त्यांना सांगितले नाही.