चौकोनावर घुमट

लखनौला गाडी पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की दादाची हाक आधी ऐकू आली, दादा नंतर दिसला. साल एक्क्याऐंशी. दादा रेल्वेच्या संशोधन खात्यात, राहायला मानक नगरच्या कॉलनीत. तेलीबागेत आपल्या लोकांनी छोटं विहार बांधायचं ठरवलं होतं, आणि "माझी बहीण आर्किटेक्ट आहे, नकाशा तीच काढेल," असं दादाने सांगून टाकलं होतं. सभागृह चौकोनी, वर स्तूपासारखा गोल घुमट. नागपुरात महिनाभर मी तो काढत होते. दर वेळी चार कोपरे उघडेच राहत. हे दादाला कळवलं नव्हतं.

सकाळी भाची सुजाताबरोबर चौकात मक्खन मलाई (दुधाच्या फेसाची हिवाळी मिठाई) खाल्ली, चावण्याआधीच विरघळली. मग एका जुन्या मकबऱ्यात गेलो. घुमट बघत चालताना माझा पाय ओल्या चुन्यात गेला.

"ऊपर क्या ढूँढ रही हैं, बिटिया?" डागडुजी करणारे म्हातारे रहमत मिस्त्री हसले.

"चौकोर दीवार पर गोल गुंबद बैठा कैसे?"

"गुंबद को भूल जाइए. बस कोना काटिए."

त्यांनी विटांचा हातभर चौकोन रचला. पुढच्या थरात प्रत्येक कोपऱ्यावर एक वीट तिरपी टाकली. अष्टकोन झाला. "अब आप." मी त्या आठ कोपऱ्यांवर विटांचे तुकडे तिरपे ठेवले. सोळा बाजू! नियम दोनच: कोपरा कापायचा, आणि वीट निम्म्याहून कमी आत सरकवायची. उत्साहात मी जास्त सरकवली. सगळं ढासळलं.

"आत्या, ध्यान से!" सुजाता ओरडली.

"जल्दी आपको है, गुंबद को नहीं," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा रचलं. वरून डोकावले, तर आत जवळजवळ गोल!

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "आता लोकांना काय सांगू?"

"सांग, बहिणीला येत नव्हतं. आज शिकली."

रविवारी त्यानेच मिस्त्रींना तेलीबागेत आणलं. त्यांनी जागा पावलांनी मोजली, काम घेतलं.

परतीच्या गाडीत विचार करत होते. मी आधी पूर्ण आकार ठरवायचे आणि मग त्याला भिंतींवर बसवायला झगडायचे. मिस्त्री फक्त पुढचा थर बघत. आकार आपोआप येई. नागपुरात नकाशा पुरा झाला. खाली रचनाकाराच्या नावासाठी चौकट होती. तिथे आधी रहमत मिस्त्रींचं नाव लिहिलं, मग माझं.