पाठमोरा सदा

सदा गेल्याची बातमी स्टुडिओच्या गेटवरच्या फोनवर आली. अंधेरीला आमच्या एडिटिंगच्या खोलीत मी काम करत होतो. वॉचमन दारात येऊन म्हणाला, "घाटकोपरहून फोन होता. तुमचा तो पळणारा माणूस गेला." नाव त्याला ठाऊक नव्हतं. बारा-तेरा वर्षं त्याच गेटमधून आत येणाऱ्या माणसाचं नाव... पण वॉचमनला कशाला दोष द्यायचा? सदाला तुम्हीही पाहिलेलं आहे, फक्त मागून. एका गुप्तहेराच्या हिंदी चित्रपटांची मालिका गेली बरीच वर्षं चालू आहे. तिचे निर्माते माझे अन्नदाते आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. त्या मालिकेतला नायक जिथे जिथे पळतो, भिंतीवरून उडी मारतो, बोटीवर लोंबकळतो, तिथे तो नायक नसतो. तिथे आमचा सदा असतो. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

त्याला या धंद्यात आणलं मीच. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. त्याचे वडील गिरणीत होते आणि आई मालवणकडची, मुलाला 'झील' म्हणणारी. हुतुतूत सदा मधली रेघ ओलांडून परत यायचा ते बघायला माणसं कामं टाकून थांबत. मी तेव्हा नुकताच सहायक दिग्दर्शक झालो होतो आणि पहिल्या चित्रपटाला नायकाच्या अंगलटीचा माणूस हवा होता. सदा हसत म्हणाला, "तोंड नाही दाखवायचं ना? मग झकास. आई ओरडणार नाही." पहिले तीन चित्रपट चालले ते त्याच्या पायांवर, असं मी आज स्पष्ट लिहितो. कथा कच्च्या होत्या, खलनायकाचा अड्डा पुठ्ठ्याचा होता, पण सदा पळायला लागला की पिटातल्या शिट्ट्या थांबत नसत.

मग पाचवा चित्रपट आला. त्याची चांगली बाजू आधी सांगतो. छायाचित्रण उत्तम होतं, आणि लेखकाने पहिल्यांदाच नायकाच्या हाताखाली एक तरुण हेर घातला होता. दोनच प्रसंग, पण जिवंत होते. बाकी सगळी वाट लागलेली. साहेबांचा, म्हणजे नायकाचा, टोप घामाने सरकायचा, पोट पट्ट्यात मावत नव्हतं, उजवा गुडघा धरला होता. जवळच्या दृश्यात साहेब कशीबशी चार पावलं टाकणार आणि लांबच्या दृश्यात सदा हरणासारखा सुटणार, हे जुळेना. तोवर एडिटिंगही माझ्याकडे आलं होतं; जुळवणं हे माझं काम होतं. म्हणून मी सदाला सांगितलं, "वजन वाढव. आणि जरा जड पळ, उजवा पाय ओढत."

"म्हणजे म्हाताऱ्यासारखा?"

"साहेबांसारखा."

"एकच की रे!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "वामन्या, तो पोरगा हेर आहे ना, त्याच्यासाठी माझं नाव टाक ना. दोनच सीन. एकदा समोरून दिसू दे यार. आईने आजवर माझी पाठच बघितलीय."

मी टाकतो म्हणालो, आणि टाकलंही. आमच्या निर्मात्यांनी, शेठनी, चहाचा कप खाली न ठेवता उत्तर दिलं, "उसका चेहरा दिखाएगा, तो साहब का पीठ किधर से लाएगा?" इथे मी बोलायला हवं होतं. पाठीला दुसरा कोणीही सापडेल, हे मला माहीत होतं. पण नवा माणूस शोधायचा तर तोही मलाच, आणि मनोरीच्या पाठलागाचं शूटिंग महिन्यावर. मी मान हलवली. बाहेर सदा उभा होता. त्याला म्हणालो, "बघतो म्हणालेत." त्या दोन शब्दांवर तो महिनाभर भात-बटाटे खात राहिला. त्या भूमिकेत दुसरा मुलगा आलेला त्याने सेटवरच पाहिला. मला त्याने फक्त पाय कुठला ओढायचा ते विचारलं... जसं काही तो विसरलाच होता.

चित्रपट लागल्यावर आम्ही त्याच्या आईला घेऊन बोरिवलीला गेलो. मनोरीच्या वाळूतला पाठलाग सुरू झाला. लोक हसायला लागले. काकी अंधारातच म्हणाल्या, "सदा, पायाक काय लागला रे तुझ्या?"

"काही नाही गं. तो मी नाही, हिरो आहे."

"माका नको शिकवू. पाठ तुझीच आसा."

त्यानंतर वजन उतरलं नाही, आणि पाय ओढण्याची खोडही सुटली नाही. घाटकोपरच्या उतारावरून तो साहेबांसारखा खाली यायचा, पोरं नक्कल करायची. सोडून जा असं मी म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही. दुसरं कोणतं काम येत होतं त्याला? आणि मला तरी? छातीत कळ येऊन तो गेला. डॉक्टर म्हणाले, वजनाचाच दोष असेल असं नाही. मी ते पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो, आणि ते आत पोचत नाही.

मागच्या आठवड्यात शेठ म्हणाले, सहाव्या चित्रपटात मनोरीचा तो जुना शॉट घालून टाक, नवा माणूस तसा पळत नाही. मी फिल्मचा डबा काढला. मशीनवर पट्टी फिरवली. सदा वाळूतून लांब लांब जातो, पाय ओढत. दिग्दर्शक 'कट' म्हणाला असणार, पण कॅमेरा क्षणभर चालूच राहिला होता. सदा थांबतो, गुडघ्यांवर हात ठेवतो आणि वळतो. समोरून. वळला की मी शॉट कापायचा, तसाच कापला. सहाव्या चित्रपटातही त्याची पाठच दिसेल. नाही म्हणण्याची संधी मला दुसऱ्यांदा मिळाली होती, आणि या वेळी समोर शेठही नव्हते.

उरलेला वीतभर तुकडा घेऊन मी घाटकोपरला गेलो. खोलीत त्याचा शर्ट अजून खिळ्याला होता. काकींना म्हणालो, यात सदा समोरून आहे. त्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. एकाखाली एक, नखाएवढे सदाचे चेहरे. एकेका चेहऱ्यावर त्यांनी बोट टेकवलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला काही विचारतील.

"दमलो हा रे," त्या म्हणाल्या. "माझो झील किती दमलो हा... कोणी बस म्हणाला नाय त्याका?"